चीफच्या हॅममधली हळद

चीफ स्वयंपाक करताना कधी चव घेत नसत. मीठ पुरेसं आहे का, शिजलं का, तिखट किती झालं, यातलं काहीही ते स्वतःच्या जिभेला विचारत नसत. माशाचं कालवण असो नाही तर दिवसभर खपून केलेला हॅम असो, पहिला घास दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, आपले हात पाठीमागे बांधायचे आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघायचं. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "चव काय बगायची, सायेब? मी मानूस बगतो. पोट भरल्यावर मानूस 'झकास' म्हनतोच. पयल्या घासाला त्याला काय वाटलं, ते तोंडावर दिसतं."

मी स्वतः इतक्या वेळा चाखतो की वाढायची वेळ येईपर्यंत माझी भूक मेलेली असते. त्यामुळे चीफची ही सवय मला आधी ढोंग वाटली, मग माज वाटला, आणि शेवटी ती आपल्याला जमणार नाही याचा राग आला. आधीच सांगून टाकतो, या माणसावर मी पाच वर्षं जळत होतो. आता त्यांच्याविषयी गोडगोड लिहायला बसलो तर आमच्या इमारतीतली माणसं हसतील, आणि सगळ्यांत आधी माझी बायको हसेल.

करंजाड्याच्या आमच्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत. मी दोनशे दोन, चीफ तीनशे दोन. मूळचे ते उरणकडच्या कोळीवाड्यातले. वडील, चुलते, भाऊ सगळे होड्यांवर. हे मात्र विशी ओलांडली तशी मालवाहू जहाजावर भांडी घासायला लागले आणि तीसेक वर्षांनी चीफ कुक होऊन खाली उतरले. एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला. निवृत्तीनंतर नवरा-बायको आमच्या डोक्यावर राहायला आले. वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना चीफ म्हणत आणि त्यांच्या बायकोला काकी. चीफचं खरं नाव खालच्या टपालपेटीवर होतं, ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. मला ते 'सायेब' म्हणत. मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे आणि तिथे मला कुणी साहेब म्हणत नाही. त्यामुळे चीफच्या 'सायेब'मध्ये मान होता की टोमणा, याचा मी बराच काळ विचार करत असे.

ते येण्याआधी इमारतीचा आचारी मी होतो. फुशारकी नाही, वस्तुस्थिती सांगतो. धुळवड असो, एकतीस डिसेंबर असो, खाली पार्किंगमध्ये मोठं पातेलं चढायचं आणि त्यात मी आमच्या कराडकडचं, घरच्या कांदा-लसूण मसाल्याचं मटण करायचो. 'दोनशे दोनचं मटण' असं त्याला नावच पडलं होतं. नवे भाडेकरूसुद्धा महिन्याभरात विचारायचे, दोनशे दोनचं मटण आता कधी? असं कुणी विचारलं की तो आठवडा माझा ऑफिसातसुद्धा बरा जायचा.

फक्त एका माणसानं मला कधी दाद दिली नाही, ती म्हणजे वर्षा, माझी बायको. ती शाळेत शिक्षिका आहे आणि पेपर तपासल्यासारखी जेवते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्या मटणाला तिचा सगळ्यांत वरचा शेरा म्हणजे, "मीठ बरोबर आहे." त्यापुढे ती कधी गेली नाही. मी एकदा हट्टानं विचारलं होतं, तर म्हणाली, "अहो, आवडत नसतं तर दुसऱ्यांदा घेतलं असतं का?" हे मला पुरत नव्हतं. मला शब्द हवा होता.

चीफ आले त्याच वर्षीची धुळवड. मी पातेल्याशी उभा होतो. रंग न लावलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस जवळ आला, हात पाठीमागे बांधून पातेल्यात बघितलं, खाली वाकून आचेकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं हाय. आच जरा जास्त वाटते." एवढं बोलून बाजूला झाला. मी काही बोलणार तोच वर्षानं वाकून गॅसची चावी फिरवली. इतक्या वर्षांत तिनं माझ्या आचेला कधी हात लावला नव्हता. मला तो दिवस पक्का आठवतो, कारण मटण कसं झालं होतं ते मात्र मुळीच आठवत नाही.

चीफच्या सगळ्या सवयी जहाजावरच्या होत्या. चूल पेटली की ती विझेपर्यंत ते बसत नसत. पातेलं चढवलं की त्याच्या कानांना सुतळी बांधून ती शेगडीच्या पायांशी आवळत. "चीफ, करंजाडं हलत नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "सवय हाय. एकदा तीस लिटर सूप पायावर घेतलंय मी." आणि त्यांनी पँट वर करून नडगीवरचा डाग दाखवला. सगळे तो डाग बघायला जमले आणि माझी टिंगल हवेत विरली. आणखी एक म्हणजे, जेवण तयार झालं की पहिलं ताट ते बाजूला झाकून ठेवत. जहाजावर सगळे जेवत असताना कुणीतरी एक पहाऱ्यावर असतोच, त्याचं ताट आधी वाढायचं, असा नियम. आमच्याकडे ते ताट गेटवरच्या वॉचमनला जायचं. मी इतकी वर्षं वॉचमनला उरलेलं द्यायचो. मला लाज वाटली आणि लाज वाटायला लावल्याबद्दल चीफचा रागही आला.

त्यांचा सण पंचवीस डिसेंबर. घरात देव्हारा, कपाळाला गंध, गणपती दीड दिवसांचा. तरी सण विचाराल तर पंचवीस डिसेंबर. नारळी पौर्णिमा, दिवाळी, सगळं कुठल्यातरी समुद्रात निघून गेलेलं. जहाजावर एकच दिवस असा असायचा, की कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे एका टेबलावर जेवायचे आणि त्या दिवशी अख्खा हॅम लागायचा. चीफनी तो एका म्हाताऱ्या गोवेकर कुककडून शिकून घेतला होता. "कॅप्टन सोता गॅलीत, बोटीच्या किचनमदी यायचा, हात मिळवायला," ते सांगत. "वर्सातून एकदा. बाकी वर्सभर मी हाय का मेलो, कोन इचारत नव्हतं."

पहिल्या वर्षी त्यांनी हॅम करणार म्हणून सांगितलं तेव्हा सोसायटीत खळबळ उडाली. हॅम म्हणजे डुकराची मागची अख्खी तंगडी, हे कळल्यावर तर मीटिंगच भरली. शेवटी ठरलं, की इमारतीच्या मागे, पंपरूमच्या पलीकडे करा आणि लिफ्टमधून काही नेऊ-आणू नका. घरात काकींचा कायदा त्याहून कडक. "किचनमदी तो पाय शिरला, तर मी गव्हानला बहिनीकडं जाईन ती परत येनार नाय," असं त्यांनी जाहीर केलं होतं. तशाही त्या दर पंचवीस डिसेंबरला गव्हाणला जातच. चीफना एरवीसुद्धा स्वयंपाकघरात मज्जाव होता. नवरा समुद्रावर असताना ते घर त्यांनी एकटीनं चालवलं होतं. आता हा माणूस येऊन डबे कुठे ठेवायचे ते शिकवायला लागला, तर त्या कशा ऐकतील? मग चीफनी बाल्कनीत जुना फ्रिज ठेवला, त्याच्या जाळ्या काढल्या आणि आपला संसार तिथे मांडला.

हॅमची कृती मी तेव्हापासून पाठ केली आहे, शत्रूची चाल माहीत असावी म्हणून. मीठ, गूळ, मिरी, तमालपत्र आणि मांस टिकावं म्हणून चिमूटभर सोरा घालून पाणी उकळायचं, गार करायचं आणि त्यात तंगडी आठ-नऊ दिवस बुडवून फ्रिजमध्ये ठेवायची. रोज सकाळ-संध्याकाळ ती पलटायची, नाही तर वर राहिलेल्या बाजूला मीठ पोचत नाही. मग पंपरूममागे चुलीवर मोठ्या टोपात चार-पाच तास मंद शिजवायची. "पानी हासलं पायजे, खदखदलं नाय पायजे," हे चीफचं म्हणणं. मग वरचं कातडं सोलायचं, चरबीवर शंकरपाळ्यांसारख्या चिरा पाडायच्या, प्रत्येक शंकरपाळ्यात एक लवंग टोचायची, गूळ आणि संत्र्याचा रस वरून चोपडायचा. नंतर लोखंडी पिंप आडवं कापून केलेल्या भट्टीत, खाली-वर निखारे ठेवून, रंग येईपर्यंत भाजायची.

त्या पहिल्या वर्षी नऊ जण जेवायला होते. वर्षा केवळ शेजारधर्म म्हणून आली होती. चीफनी लांब सुरीनं पातळ, जवळजवळ आरपार दिसेल असा एक काप काढून तिच्या बशीत ठेवला आणि हात मागे बांधले. तिनं घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काय सुंदर झालाय हो."

सुंदर. ती हा शब्द मुलांच्या अक्षराला वापरते, सूर्यास्ताला वापरते, एकदा एका साडीला वापरला होता. खाण्याच्या पदार्थाला मी तिच्या तोंडून तो प्रथमच ऐकला. मीही खाल्ला. मोठी अडचण ही, की तो खरंच सुंदर झाला होता.

पुढच्या वर्षी पंधरा जण होते, त्याच्या पुढे बावीस. पंचवीस तारखेला पोटभर हॅम खाल्लेली माणसं एकतीसला माझ्या मटणावर उपकार केल्यासारखी येऊ लागली. 'दोनशे दोनचं मटण' हळूहळू नुसतं 'मटण' झालं. चीफ मला मदतीला बोलवत, आणि नाही कसं म्हणायचं म्हणून मी जाई. "सायेब, लवंगा टोचा," एवढंच काम. ज्यानं पन्नास माणसांचं मटण एकहाती उतरवलंय, तो मी स्टुलावर बसून चरबीत लवंगा टोचत असे. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटे, काय छान जमतं या दोघांचं.

रविवारी आमच्याकडे मटण झालं की वर्षा एक वाटी वर पाठवी. दुसऱ्या दिवशी चीफ स्वतः वाटी परत आणून देत. रिकामी वाटी द्यायची नाही म्हणून तिच्यात कधी सुक्या कोळंबीचे सोडे, कधी चार बोंबलाच्या काड्या. मी मुद्दाम दाराशी घोटाळायचो. आता काहीतरी म्हणतील, 'बरं होतं' तरी म्हणतील. चीफ म्हणत, "वैनी, वाटी," आणि जिना चढू लागत. पाच वर्षांत माझ्या मटणाविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. वर्षा सोडे हुंगत म्हणायची, "किती चांगला माणूस आहे."

चौथ्या वर्षी हॅम पाण्यात असताना काकींची गव्हाणची बहीण आजारी पडली. दोघांना दोन दिवस जावं लागणार होतं. चीफ किल्ली घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सकाळ-सांज एक-एक पलटी मारा. बाकी कायी करू नका, सायेब. कायी म्हनजे कायी नाय." मी म्हटलं, निश्चिंत जा.

पहिल्या संध्याकाळी मी फ्रिज उघडला, तंगडी पलटली आणि जरा वेळ बघत राहिलो. मांस पांढुरकं, करड्या रंगाचं दिसत होतं. त्यात हळद नव्हती. आमच्या घरात मटणाची पिशवी ओट्यावर टेकायच्या आत त्याला हळद-मीठ लागतं. माझी आई तर मटण धुऊन हळद लावेपर्यंत कुणाशी बोलत नसे. बिनहळदीचं मांस आठवडाभर ठेवायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. हा हॅम मी आधी तीन वर्षं खाल्ला होता, तो बिघडला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाताना मी आमचा हळदीचा डबा बरोबर नेला.

हळद टाकताना माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मांस नासू नये, हे होतंच. खोटं कशाला सांगू? पण ती काळजी तळाशी होती, तिच्यावर दुसरंच काही होतं. यंदा तो 'सुंदर' होऊ नये, एवढंच मला हवं होतं. फार वाईट व्हायला नको, लोकांचं पोट बिघडायला नको. फक्त वर्षानं घास घ्यावा आणि म्हणावं, मीठ बरोबर आहे. मी दोन चमचे हळद टाकली, मग अर्धा आणखी. ढवळलं, तंगडी पलटली, हात धुतले आणि ऑफिसला गेलो. दिवसभर माझ्या नखांना पिवळा रंग होता.

चीफ परतले तेव्हा किल्ली द्यायला मी वर गेलो. ते सरळ बाल्कनीत गेले आणि फ्रिज उघडला. आतलं पाणी वरणाच्या पाण्यासारखं पिवळं दिसत होतं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग वळून माझ्या तोंडाकडे बघितलं, पहिला घास दिल्यावर बघत तसं.

"सायेब, कायी बोलायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "पलट्या वेळेवर मारल्या."

"बरं," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

पंचवीस तारखेला भट्टीतून हॅम निघाला तो पिवळाधमक. हळदीच्या अंगावर गुळाचा तांबूस रंग, त्यात काळ्या लवंगा. बघायला तीसेक माणसं जमली होती. मी मागे उभा होतो. सेक्रेटरींनी विचारलं, "चीफ, हे काय नवीन?" चीफ सुरी पुसत म्हणाले, "बोटीवरचा गोऱ्यांचा होता. यंदा आपला केला."

मग जे झालं ते मी विसरू शकत नाही. लोक त्यावर तुटून पडले. आधीच्या तिन्ही वर्षी नुसतं बघायला येणारे दोघे-तिघे म्हणाले, हळद आहे ना, मग द्या एक तुकडा. तळमजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, आता खरं जेवल्यासारखं वाटतंय. हळदीनं त्या परक्या पदार्थाला असा काही घरचा वास आला होता, की खाणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून ते मलाही दिसत होतं. वर्षानं घास घेतला आणि म्हणाली, "चीफ, आजपर्यंतचा सगळ्यांत सुंदर. हळद घालायचं कसं सुचलं तुम्हाला?"

चीफनी माझ्याकडे बघितलं. "सुचलं नाय, वैनी," ते म्हणाले. "झालं." सगळ्यांना तो त्यांचा विनय वाटला.

माझी हळद. माझ्या डब्यातली, माझ्या हातानं टाकलेली, आणि तिचं 'सुंदर' दुसऱ्याच्या पदरात. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, ते मी केलंय. पण ते सांगायचं तर का केलं, हेही सांगावं लागणार होतं. चोरानं आपलाच माल दुसऱ्याच्या दुकानात बघावा तसा मी हातात बशी घेऊन उभा होतो.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं भांडी घासत होतो. चीफ पिंपावर राख घासत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायेब, पुडच्या साली हळद किती टाकायची?"

आज मला कळतं की ते दार त्यांनी माझ्यासाठी उघडून धरलं होतं. त्यात राग नव्हता. त्यांना खरोखर प्रमाण हवं होतं, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी टोप घासत राहिलो. म्हटलं, "मला काय माहीत?"

त्यांचा हात जरा थांबला. "बरं," ते म्हणाले. "अंदाजानं टाकीन."

पुढच्या डिसेंबरात त्यांनी अंदाजानं टाकली. जास्त झाली, किंचित कडवट लागत होती. वर्षा म्हणाली, "छान आहे, पण मागच्या वर्षीसारखा नाही." चीफनी ते ऐकून मान हलवली. माझ्या मनात त्या क्षणी जो आनंद झाला, त्याची मला आता शिसारी येते. अडीच चमचे, हे दोन शब्द माझ्या तोंडात होते आणि मी त्यांवर हॅम चावत होतो.

त्यानंतरचा हॅम झाला नाही. गेल्या वर्षी गणपती विसर्जन झाल्यावर आठवड्यानं, सकाळचा चहा घेताना चीफ खुर्चीतच कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा पुण्याहून आला. उरणला कोळीवाड्यात नेलं. आम्ही इमारतीतली बारा माणसं गेलो होतो, वॉचमनसुद्धा. आचेशी उभा राहणारा तो माणूस आडवा बघवत नव्हता.

तेराव्यानंतर काकींनी पुण्याला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी काही मदत हवी का म्हणून वर गेलो. त्या स्वयंपाकघरात भांडी खोक्यात भरत होत्या. एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून मी त्यांच्या हातात देऊ लागलो. देता देता मी म्हटलं, "काकी, चीफचा हॅम आता आम्हाला कुठे मिळायचा?"

"ते तुमीच खाल्लं बाबा. मी नाय कदी," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला तुमचं मटन आवडायचं, भाऊ. वाटी आली की मी भाकरीनं पुसून खायची. यांना इचारायची, इतकी वर्सं बोटीवर रांदलंत, तुमाला असं येतं का? लय राग यायचा त्यांना."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"म्हनायचे, विकतचा मसाला हाय त्यांचा. मी म्हनलं, असू दे, आना तुमी पन विकत. मग एकदा किचन मागून घेतलं माज्याकडून. तुमी हापिसात गेलेले बगून मटन आनलं, खिडक्या लावल्या, वास खाली जाऊ नये म्हनून. चार येळा केलं, भाऊ. चार येळा माज्या तोंडाकडं बगत उभे ऱ्हायले. मी काय खोटं बोलनार? नाय झालं तसं." काकी हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "जळायचे तुमच्यावर. आमच्या ह्येंना मी कुनावर जळताना कदी बगितलं नव्हतं."

मला आनंद झाला. तेरावं होऊन दोन दिवस झालेल्या घरात, त्या बाईंसमोर, मला असा आनंद झाला की तो लपवायला मी खोक्यात वाकून भांडी सारखी करू लागलो. ज्या माणसाच्या एका शब्दासाठी मी पाच वर्षं दाराशी घोटाळलो, तो डोक्यावरच्या मजल्यावर खिडक्या लावून माझं मटण करून बघत होता. वर्षाचं 'सुंदर' त्यापुढे काहीच नव्हतं. पण हे जाऊन सांगावं, चिडवावं, असा एकच माणूस होता आणि तो नव्हता.

"मला विचारायचं ना," मी म्हटलं. "मी सगळं सांगितलं असतं. मसाला दिला असता."

"मी तेच म्हनायची. खाली जा, इचारा, तुमच्याहून ल्हान हाय तो. तर म्हनायचे, त्याला मी एकदा एक गोष्ट इचारली होती, त्यानं नाय सांगितली. आता परत कसं इचारू?" काकींनी माझ्याकडे बघितलं. "काय इचारलं होतं, भाऊ?"

तेव्हा मी सांगितलं. फ्रिज, हळदीचा डबा, अडीच चमचे, वर्षाचं 'सुंदर', घासलेला टोप, सगळं. ती नुसती काळजी नव्हती, हेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मी मोठ्यानं बोललो. काकी हातातलं भांडं तसंच धरून ऐकत होत्या. मला वाटलं त्या रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे त्यांना सांगायचं होतं ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "किती हसले असते."